मामा, लेथ आणि एक नळी

होटगी म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे सोलापूरचं विमानतळ 'होटगी रोड'ला आहे. दुसरी म्हणजे विजापूरला जाताना गाडी जिथे 'उगाच' थांबते ते जंक्शन. हा 'उगाच' शब्द होटगीच्या माणसासमोर वापरू नये. १८७१ मध्ये मुंबईकडून आलेली मोठी लाइन रायचूरला जाऊन मद्रासच्या लाइनीला मिळाली. मग १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ पडला आणि सरकारला कळलं की धान्य असून उपयोग नाही, ते पोचवायला रूळ पाहिजेत. त्यानंतर १८८४ मध्ये होटगीहून विजापूरमार्गे गदगला छोट्या रुळांची लाइन झाली. मोठी गाडी आणि छोटी गाडी इथे भेटायच्या. माझ्या लहानपणीसुद्धा ती मीटरगेजची गाडी होती, ब्रॉडगेज झालं ते २००० नंतरच्या दशकात. तेव्हा गाडी होटगीला उगाच थांबत नाही, मंडळी. कृपया नोंद घ्यावी.

होटगी माझं आजोळ. आणि आजोळ म्हणजे मामांचं लेथचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याची शेड. आत एक लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर, वेल्डिंगचा सेट आणि कोपऱ्यात कायम अर्धा भरलेला माठ. मामा मामींशी कानडीत बोलतात, आमच्याशी मराठीत, बाजारात आलेल्या पद्मशाली विणकरांशी मोडक्या तेलुगूत. मशीनशी मात्र कुठल्याच भाषेत नाही. लेथ चालू असताना मामा गप्प असतात. लहानपणी आम्हाला वाटायचं ते रागावलेत. पुढे कळलं की ते ऐकत असतात. टूलची धार गेली की आवाज बदलतो, जॉब हलला की बदलतो, बेअरिंग कुरकुरायला लागलं की बदलतो.

लेथ हरिहरचा. सोलापूरच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या वर्कशॉपचा लिलाव झाला तेव्हा मामांनी घेतला. मामा त्याच गिरणीत टर्नर होते, म्हणजे ज्या मशीनवर पगार घेतला तेच भंगाराच्या भावाने घरी आणलं. किर्लोस्करांनी १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवायचा कारखाना काढला होता, त्यातला हा लेथ. गंमत म्हणजे हरिहर याच होटगीच्या लाइनीच्या पलीकडच्या अंगाला आहे, गदग-हुबळीच्याही पुढे. तो कारखाना आता बंद आहे. लेथ चालू आहे.

काम काय काय यायचं ते सांगते, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. कडबाकुट्टीचा शाफ्ट. रसवंतीच्या चरकाचे रोलर. पाण्याच्या मोटरीचे बुश. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन. सोलापूरच्या यंत्रमागांचे झिजलेले पार्ट. झिजलेला शाफ्ट आधी वेल्डिंगने 'भरायचा', म्हणजे त्याच्यावर धातूचा थर चढवायचा, आणि मग टर्निंग मारून मूळ मापाला आणायचा. नवीन शाफ्ट घेण्यापेक्षा हे फारच स्वस्त पडतं. पुढे जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं वीजकेंद्र झालं, तेव्हा ठेकेदारांची थोडी कामं आली. पण मामांचा पोटापाण्याचा धंदा शेतकऱ्यांच्या जिवावरच.

तर सांगायचा मुद्दा असा की या दुकानात एक नियम आहे. पाटीवर लिहिलेला नाही. नळीचं काम घ्यायचं नाही.

नळी म्हणजे बंदुकीची. आता होटगीत बंदुकीची नळी घेऊन कोण येणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण लेथवाल्याकडे येतात हो माणसं. ज्याच्याकडे लेथ आहे त्याला लोखंडाच्या दांड्यात सरळ भोक पाडता येतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

किल्लारीच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. १९९४. मी नववीत होते, मे महिन्यात होटगीला होते. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला एक माणूस आला. चांगले कपडे, पायात बूट. त्याला जाड पाइपचा एक तुकडा आतून साफ करून हवा होता. मामांनी नेहमीसारखं विचारलं, "कशात बसवायचाय?"

"पंपात."

"कुठल्या पंपात?"

माणूस जरा थांबला. म्हणाला, "तुम्ही काम करा ना, पैसे सांगा." आणि मग स्वतःच सांगितले. तेवढ्या कामाला मामा घेत असत त्याच्या पाचपट असतील.

मी तिथे माठाजवळ उभी होते. मामांनी तो तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरून आतून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाले, "चक तुटलाय. पंधरा दिवस मशीन बंद हाय." चकात तेव्हा कुणाच्या तरी मोटरीचा शाफ्ट बांधलेला होता, अर्धा टर्न केलेला, चकचकीत. त्या माणसाने चकाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि तुकडा उचलून गेला. पुढचे चार दिवस मामांनी खरंच लेथ बंद ठेवला. बोललो तसं दिसलं पाहिजे, म्हणाले. मामी रात्री दोनदा उठून दाराची कडी बघायच्या.

शाफ्टवाला शेतकरी मात्र चार दिवस बोंबलत होता. त्याची मोटर बंद, आणि मे महिना.

त्या वयात मला ही गोष्ट सिनेमासारखी वाटली होती. मैत्रिणींना रंगवून सांगितली होती. पण नियमाची खरी किंमत कळली ती दुसऱ्या गोष्टीत, जी मी पाहिलेली नाही, नुसती ऐकली आहे. मामींकडून. मामा सांगत नाहीत.

शेजारच्या गावचे एक बागायतदार होते. सज्जन माणूस, मामांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या मोटरी, त्यांचे ट्रॅक्टर, त्यांच्या भावकीचे ट्रॅक्टर, सगळं मामांकडे. त्यांच्याकडे पीकसंरक्षणासाठी लायसन असलेली बारा बोअरची बंदूक होती. ती कुठेतरी पडली आणि नळीचं तोंड चेपलं. ते मामांना म्हणाले, पुढचा दोन इंच तुकडा कापून तोंड सरळ करून दे. अर्ध्या तासाचं काम. नळीचं काम म्हणजे काही चंद्रावर जाणं नव्हे, मामांच्या हाताला तर नाहीच.

मामा नाही म्हणाले.

"अरे, माझ्याकडं लायसन आहे."

"तुमच्याकडं हाय. माझ्याकडं न्हाई."

कायद्याने मामांचं बरोबरच होतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक बाळगायला जसा परवाना लागतो, तसा ती बनवायला आणि नुसती दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. आणि नळी आखूड करण्यासाठी तर त्यात स्वतंत्र कलमच आहे, सहावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बनवण्या-दुरुस्तीची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. मामांनी कायदा वाचला होता असं नाही. गिरणीत असताना कुणी जुन्या फोरमनने सांगितलं होतं, तेवढंच.

बागायतदारांना ते लागलं. 'याने मला चोराच्या रांगेत बसवलं' असं ते चारचौघांत म्हणाले. पुढची दोन वर्षं त्यांच्या वाड्यावरून एक बोल्टसुद्धा आला नाही, भावकीचाही नाही. त्या वर्षी मामेभावाची डिप्लोमाची फी मामींच्या पाटल्यांवर भरली गेली. पाटल्या पुढे सुटल्या. पण मामी अजून म्हणतात, "त्या चांगल्या माणसाला न्हाई म्हणून काय मिळवलं ह्यांनी?" आणि खरं सांगू? पुष्कळ वेळा मला मामींचं पटतं. वाईट माणसाला नाही म्हणायला धाडस लागतं हे ठीकच. पण चांगल्या माणसाला, ओळखीच्या, उपकाराच्या माणसाला त्याच तोंडाने नाही म्हणायचं? मामांचं म्हणणं असं की नियम माणूस बघून लावला तर तो नियम राहत नाही, ओळख राहते. मामी म्हणतात की ओळखीवरच तर गाव चालतं. हे भांडण तीसेक वर्षं चालू आहे. मावशी, तू हे वाचशील तेव्हा फोन करून पुन्हा उकरून काढू नकोस, प्लीज.

आता माझ्या लेकीकडे येते.

लेक पुण्यात शूटिंग शिकते. दहा मीटर एअर रायफल. नववीत मैत्रिणीबरोबर गंमत म्हणून गेली आणि चिकटली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली तेव्हा ही जेमतेम रांगत होती, पण तिच्या भिंतीवर कात्रण आहे. शेजारी स्वप्नील कुसाळेचं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, पॅरिसच्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं. हेलसिंकीच्या खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा हा महाराष्ट्राचा दुसराच खेळाडू, आणि मध्ये गेली ७२ वर्षं! मामांना यातलं एकच लक्षात राहिलं: पोरगा रेल्वेतला. होटगीही मध्य रेल्वेच्याच सोलापूर विभागात, त्यामुळे मामांच्या हिशोबाने तो घरचाच.

एअर रायफल म्हणजे काय, तर दाबलेल्या हवेवर चालणारी. दारू नाही, काडतूस नाही. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, वजन अर्धा ग्रॅम. दहा मीटरवर जो 'दहा'चा ठिपका असतो तो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे या वाक्याच्या शेवटच्या टिंबाएवढा समजा. तोही दशांशात मोजतात, १०.० पासून १०.९ पर्यंत. उभं राहून ६० वेळा मारायचं. यात ताकद वगैरे काही कामाची नाही, स्थिर उभं राहणं हाच सगळा खेळ. नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात, त्यांना रायफलिंग म्हणतात. 'रायफल' हे नावच त्यावरून पडलं. त्या खाचांमुळे छर्रा भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत जातो, म्हणून भरकटत नाही.

लेकीची रायफल जर्मन, पण दुसऱ्याच्या हातची. नवी दोन-अडीच लाखांच्या घरात जाते, ती आमच्याने झेपणारी नव्हती. आधीचा मालक चांगला सहा फुटी. त्याच्या बेताने जमवलेली ती रायफल हिच्या हातात पुढून हलकी लागायची, टोक भिरभिरायचं. सरांनी सांगितलं, नळीवर पुढे वजन लाव. डोंबारी दोरीवरून चालताना लांब काठी धरतो ना, तेच तत्त्व. वजन मधल्यापेक्षा टोकाकडे असलं की वस्तू हलायला आळस करते. तशी वजनाची कडी परदेशातून मिळतात, पण एका संचाला सात-आठ हजार. लेक म्हणाली, "आई, आपले मामाआजोबा आहेत की!"

मी तिला नियमाचं सांगितलं होतं. पण ती सोळा वर्षांची आहे. दिवाळीत रायफलची पेटी घेऊन आम्ही गेलो, सोबत बिल, क्लबचं पत्र आणि ओळखपत्र. (पेटी पाहून गाडीतल्या काकांनी विचारलं, "गिटार का?" लेकीने हो म्हणून टाकलं.)

मामांनी पेटी उघडायच्या आधीच विचारलं, "ह्यात नळी हाय ना?"

"हो, पण..."

"मग न्हाई."

लेकीचा चेहरा पडला. मामी आतून कानडीत काहीतरी बोलल्या, त्याचा अर्थ विचारायची गरज नव्हती. मामा उठून बाहेर गेले. मला वाटलं संपलं. तासाभराने आले ते त्यांच्या बरोबरीच्या एका निवृत्त हवालदारांना घेऊन. हवालदारकाकांनी चष्मा लावून बिल वाचलं, क्लबचं पत्र वाचलं, फोनवर नातवाला नियम शोधायला लावले. .१७७ बोअरची आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल असेल तर बाळगायला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलची ताकद तर त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. काका म्हणाले, "ह्याला कुठं शस्त्र म्हणूलालास बे, हे तर खेळणं हाय."

'खेळणं' हा शब्द लेकीला आवडला नाही, पण ती शहाण्यासारखी गप्प बसली.

मामा तरीही लगेच हो म्हणाले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी अटी सांगितल्या. रायफल दुकानात यायची नाही, माप घरी घ्यायचं. नळीला टूल लावायचं नाही, नळी चकात बांधायची नाही. नळीवर बसेल ते कडं करून देतो, नळीला हात लावत नाही.

"पण मग माप बरोबर बसलंय का ते कसं कळणार?" लेकीने विचारलं.

"खोटी नळी करू की," मामा म्हणाले.

आणि पुढचे दोन दिवस जे पाहिलं त्यासाठी खरं तर हा लेख. सकाळी मामांनी मायक्रोमीटरने नळीची जाडी सहा ठिकाणी मोजली, प्रत्येक ठिकाणी दोनदा, नळी फिरवून. बाहेरून १५ मिलिमीटरच्या आसपास होती. आकडे वहीत लिहिले. मग दुकानात साध्या लोखंडाचा एक दांडा दोन सेंटरांत धरून बरोबर त्या मापाचा केला. शेवटचा काप इतका बारीक की बर केसासारखा निघत होता. ही खोटी नळी. यात भोक नाही, खाच नाही, काही नाही. नुसता दांडा.

मग पितळ. तीन कडी करायची होती, प्रत्येकी शंभर ग्रॅमच्या जवळपास. मी मोबाइलवर हिशोब केला: बाहेरून ३२ मिलिमीटर, आतून १५, लांबी २० धरली तर साधारण १०६ ग्रॅम होतात, खाच आणि स्क्रूचं भोक वजा जाता शंभरीला येतात. मामांनी माझा हिशोब ऐकून घेतला आणि जुन्या कड्याचा एक तुकडा हातावर तोलून म्हणाले, "ह्याच्यापेक्षा जरासं कमी." (माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे, बरं का.)

पितळ लोखंडासारखं वागत नाही. लोखंडाचा बर गुंडाळ्या होऊन पडतो, पितळेचा सुयांसारखा उडतो, कपड्यात शिरतो, दोन दिवस टोचतो. टूलची धार लोखंडासारखी दिली तर पितळ तिला आत ओढून घेतं आणि जॉब खराब होतो. म्हणून मामांनी धारेवरून दगड फिरवून तिचं टोक जरा मारलं, बोथट नाही, नुसतं सपाट. तेलही लावलं नाही. पहिल्यांदा आतलं भोक केलं. मग ते कडं खोट्या नळीवर घट्ट बसवून, दांड्यासकट सेंटरांत धरून बाहेरची बाजू टर्न केली. यात खुबी अशी की भोक आणि बाहेरचा गोल यांचं केंद्र एकच राहतं. उलट केलं असतं, आधी बाहेर मग आत, तर कुठेतरी केसभर फरक पडला असता आणि वजन एका अंगाला गेलं असतं. डायल गेज लावून मामांनी कडं हाताने फिरवलं. काटा हलला की नाही ते मला चष्म्यातूनही कळलं नाही. मामांची मोतीबिंदूची तारीख लागलेली आहे, त्यांना दिसलं.

मग करवतीने एक खाच, एक छोटा स्क्रू आवळायला, आतून नायलॉनची पातळ पट्टी म्हणजे नळीवर ओरखडा नको. वजन करायला कडी सराफाकडे नेली. गल्लीतल्या सराफाने तिन्ही पितळी कडी काट्यावर ठेवली तेव्हा दुकानातल्या बायका बघत राहिल्या. ९८, ९९ आणि ९८ ग्रॅम. मामा तरी नाराज. एक ग्रॅम कुठे गेला म्हणे!

काम चालू असताना, लेथ थांबलेला पाहून, मी मामांना दोन गोष्टी सांगितल्या. त्यांना आवडतील असं वाटलं होतं.

पहिली अकबराच्या काळातली. अबुल फझलच्या आईन-ए-अकबरीत बंदुकीच्या नळ्या कशा करत त्याचं वर्णन आहे. लोखंडाचा पत्रा तिरका पिळत, कागदाची सुरळी करतो तसा गुंडाळत, भट्टीत तापवून जोडत नेत. सोळा नळ्या एकदम आतून साफ करणारं, जनावराने फिरवायचं एक चाकही होतं. हे मामांनी लक्ष देऊन ऐकलं. जोड कुठे यायचा, एवढंच विचारलं.

दुसरी विल्किन्सनची. जेम्स वॅटला वाफेचं इंजिन सुधारायची युक्ती सुचली, पण त्याचा सिलिंडर कुणाला नीट गोल करता येईना, वाफ बाजूने निसटायची. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सन नावाच्या इंग्रजाने तोफेच्या नळ्या सरळ पोखरायचं यंत्र काढलं. त्याच धर्तीच्या यंत्रावर मग वॅटचे सिलिंडर झाले. ५० इंच रुंदीच्या सिलिंडरमध्ये एका जुन्या शिलिंगच्या जाडीएवढासुद्धा फरक नव्हता म्हणे. तिथून वाफेचं सुधारलेलं इंजिन, त्यातून रेल्वे, आणि रेल्वेतून होटगी. "म्हणजे मामा, तोफेची नळी झाली नसती तर आपलं जंक्शनच झालं नसतं!" मी मोठ्या खुशीत म्हणाले.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. कड्यावरचा बर ब्रशने झाडत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे त्याच्याकडं कुणी नळी घेऊन आलं तवा तो हो म्हणाला."

"हो."

"त्याच्याकडं लायसन आसंल."

मी हसले. मामा हसले नाहीत. मला अजून कळलेलं नाही की ती थट्टा होती की काय होतं. पण त्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना ते आपणहून त्या बागायतदारांविषयी बोलले, पहिल्यांदाच. माणूस वारून बरीच वर्षं झाली. मामा म्हणाले, "त्यांची बंदूक सोलापुरात लायसनवाल्याकडं नेऊन आणायची होती मला. मीच नेतो म्हणायला पायजे होतं. न्हाई म्हणालो ते बरोबर, पण न्हाई म्हणून तिथंच थांबलो." मामी आत भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

पुण्याला आल्यावर लेकीने कडी लावून पाहिली. पहिले पाच छर्रे एका जागी, पण ठिपक्याच्या खाली. नळीवर वजन आलं की नेम बदलतो, दुर्बिणीसारखी ती मागची खिडकी असते तिचे स्क्रू फिरवून पुन्हा जमवावं लागतं. दोन कडी ठेवली, तिसरं काढलं. महिन्याभरात तिचे गुण दोन-तीनाने वर गेले. कड्यांमुळे की दिवाळीनंतर ती रोज पहाटे उठायला लागली त्यामुळे, ते कोण सांगणार. ती म्हणते कड्यांमुळे. मामांना फोनवर तसंच सांगितलंय.

मग व्हायचं तेच झालं. क्लबमधल्या आणखी चार मुलींनी कडी मागितली. मामांनी केली. प्रत्येकीचं बिल, पत्र आणि रायफलचा नंबर एका नव्या वहीत लिहून घेतला, मापं फोनवर मागवली, खोटी नळी प्रत्येकीची वेगळी. एका पालकांनी विचारलं की याच दरात नळीच्या तोंडाला आटे पाडून मिळतील का, नळी पाठवतो. मामांनी त्यांना नाही सांगितलं, पण या वेळी परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याचं नाव कुणाकडून तरी मिळवून तेही सोबत दिलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तोवर नवीन काम बंद. जुन्या पाच खोट्या नळ्या दुकानात खिळ्यावर टांगल्या आहेत, प्रत्येकीला मुलीच्या नावाची चिठ्ठी. बाहेरून कुणी पाहिलं तर काय समजेल या विचाराने मामींनी त्यांच्यावर एक जुनं धोतर टाकून ठेवलंय.

हे लिहिते आहे असं सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, लिही, पण पत्ता देऊ नकोस, उगाच कुणीतरी पाइप घेऊन येईल. म्हणून देत नाही. नातेवाइकांना माहीतच आहे. स्टेशनात उतरलं की लेथच्या आवाजावरून यायचं, आणि आवाज नसला तर समजायचं मामा जेवायला गेलेत.